नागरिकशास्त्राचे तास गळ्यात पडलेत? संविधान वर्गात कसं शिकवायचं ते सांगतो

नागरिकशास्त्र सहसा कोणी मागून घेत नाही, ते गळ्यात पडतं. जूनमध्ये टाइमटेबल लागतं, कोणाचे तरी दोन तास कमी भरतात आणि हेडसर म्हणतात तेवढं नागरिकशास्त्र बघा की तुम्ही. माझंही तसंच झालं. पहिल्या वर्षी मी काय केलं तर सरळ तारखा फळ्यावर लिहिल्या, ९ डिसेंबर १९४६ संविधान सभेची पहिली बैठक, २९ ऑगस्ट १९४७ मसुदा समिती, २६ नोव्हेंबर १९४९ स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० लागू झालं, मूळ कलमं ३९५, परिशिष्टं ८. मुलांनी उतरवून घेतलं, घटक चाचणीत मार्कही छान पडले. आणि मग मार्चमध्ये सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, संविधान मोडलं तर पोलीस आपल्याला धरतात का?" मी घाईत "धरतात ना" म्हणून मोकळा झालो. घरी जाताना बसमध्ये लक्षात आलं की हे चुकीचं सांगितलं, आणि तिला तो प्रश्न पडला म्हणजे वर्षभरात मूळ गोष्टच सांगायची राहून गेली.

ती मूळ गोष्ट अशी की कायदा मुख्यतः आपल्याला बांधतो आणि संविधान मुख्यतः सरकारला बांधतं. सरकारने काय करायचं, काय करायचं नाही, कोणाला विचारून करायचं, हे त्यात लिहिलंय. अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या कलम १७ सारखी काही कलमं माणसामाणसातल्या वागण्यालाही थेट लागू होतात, पण तिथंही शिक्षा होते ती त्यासाठी केलेल्या वेगळ्या कायद्याखाली. एवढं एक वाक्य मुलांच्या डोक्यात बसलं तर बाकीचं सगळं त्याच्यावर टांगता येतं. खाली मी ज्या क्रमाने घेतो तो क्रम सांगतोय, सहावी ते नववीला चालतो, आठवड्याला एक तास धरला तर साधारण दहा-बारा आठवडे जातात.

आधी पुस्तक हातात घ्या

पाठ्यपुस्तक नाही, खरं संविधान. भारताच्या संविधानाची अधिकृत मराठी आवृत्ती मिळते, पीडीएफही मिळते, फक्त ती कुठल्या सालापर्यंत दुरुस्त केलेली आहे ते पहिल्या पानांवर बघून घ्या कारण २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली आणि जुन्या प्रतीत ती सापडणार नाही. एक छापील प्रत वर्गात टेबलावर कायम ठेवा. जाडजूड दिसते, मुलं उगाच उचलून बघतात, त्याचाही उपयोग होतो.

भाषेचं एक सांगून ठेवतो. अधिकृत मराठीत "अनुच्छेद" असतं, आपण बोलताना "कलम" म्हणतो, आणि मुलांनी बातम्यांत ऐकलेलं "कलम ३०२" हे भारतीय दंड संहितेतलं, तेही आता बदललंय, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. हा गोंधळ पहिल्याच दिवशी सोडवा नाहीतर कोणीतरी सहामाहीत लिहितो की संविधानाच्या ३०२ कलमाने फाशी होते. मी स्वतः तपासलाय असा पेपर.

पहिला तास: मॉनिटर

संविधान हा शब्द पहिल्या तासाला काढूच नका. मुलांना विचारा, सर वर्गात नसतात तेव्हा काय होतं? सगळे एका सुरात सांगतात, मॉनिटर फळ्यावर नावं लिहितो. मग पुढचे प्रश्न एकेक करून. बोलायचं नाही हा नियम कोणी केला? मॉनिटरने. कोण बोललं हे कोणी पकडलं? मॉनिटरने. खरंच बोलला होता का नाही हे कोणी ठरवलं? मॉनिटरने. नावापुढे फुली मारून शिक्षा वाढवली कोणी? मॉनिटरनेच. आणि मॉनिटर स्वतः बोलला तर त्याचं नाव कोण लिहिणार? इथे वर्गात जो आरडाओरडा होतो ना, तो होऊ द्या, दोन मिनिटं होऊ द्या. मागच्या बाकावरचा पोरगा उठून सांगतो की मॉनिटर स्वतःच्या मित्राचं नाव कधीच लिहीत नाही, आणि मॉनिटर लाल होतो (त्याला आधी विश्वासात घ्या, बिचारा रडला होता एकदा माझ्या वर्गात).

मग फळ्यावर तीन रकाने काढा. नियम करणारे, नियम राबवणारे, नियम मोडला का ते ठरवणारे. ही तीन कामं तीन वेगळ्या हातांत दिली तर मॉनिटरचं काय होईल? हे पोरं स्वतः बोलतात. त्यानंतर नावं द्या, कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. आपल्याकडे पहिली दोन पूर्ण वेगळी नाहीत, मंत्री हे आमदार-खासदारच असतात, कोणी बाहेरचा मंत्री झालाच तर सहा महिन्यांत सभागृहाचं सदस्य व्हावं लागतं, तेही सांगून टाका.

दुसरा आणि तिसरा तास: उद्देशिका, पण व्याकरणाच्या तासासारखी

परिपाठाला रोज म्हणून म्हणून मुलांना उद्देशिका पाठ असते आणि अर्थ शून्य असतो. ती एकच वाक्य आहे हे बहुतेकांच्या लक्षातच आलेलं नसतं. म्हणून मी ती मराठीच्या तासासारखी घेतो. या वाक्यातला कर्ता शोधा. "आम्ही, भारताचे लोक". शेवटचं क्रियापद शोधा. "अर्पण करीत आहोत". काय अर्पण करतोय? हे संविधान. कोणाला? इथे सगळे अडतात, कोणी भारतमातेला म्हणतं, कोणी सरकारला, कोणी शहिदांना. पुन्हा वाचायला लावा, हळू, बोट ठेवून. "स्वतःप्रत." म्हणजे देणारे आपण आणि घेणारेही आपणच. राजाने प्रजेला दिलेलं नाही, इंग्रजांनी जाताना दिलेलं नाही. कर्ता-कर्म-क्रियापद एवढ्या भांडवलावर सार्वभौम लोक म्हणजे काय ते कळतं, वेगळी व्याख्या लागत नाही.

अवघड शब्दांची यादी मुलांनाच करू द्या, "प्रवर्धित", "अंगीकृत", "अधिनियमित" हे येतातच. प्रत्येक शब्दासाठी घरात बोलतात तसा शब्द शोधायचा. अंगीकृत म्हणजे आपलंसं केलं. प्रवर्धित म्हणजे वाढीस लावलं. गणराज्य म्हणजे सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसणारा जन्माने ठरत नाही, निवडून येतो. इंग्लंडमध्ये लोकशाही आहे पण राजा आहे, म्हणून ते गणराज्य नाही, एवढं उदाहरण पुरतं.

एक तयारी ठेवा. कोणीतरी हुशार पोरगं मोबाइलवरचा मूळ हस्तलिखित प्रतीचा फोटो दाखवून म्हणणार की सर यात समाजवादी आणि धर्मनिरपेक्ष हे शब्दच नाहीत. बरोबर आहे त्याचं. ते दोन शब्द आणि "एकात्मता" हा शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आले. लपवाछपवी न करता सांगा आणि हेही सांगा की धर्माचं स्वातंत्र्य देणारी कलमं २५ ते २८ मात्र पहिल्यापासूनच होती. त्या हस्तलिखिताचे फोटो जमले तर मोठे करून दाखवा, इंग्रजी प्रत प्रेम बिहारी नारायण रायजादांनी हाताने लिहिली आणि पानांची सजावट नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. चित्रकलेत रमणारी मुलं इथे हमखास जागी होतात.

चौथा तास: तलाव हा शब्द शोधा

हा माझा सगळ्यात आवडता तास आहे त्यामुळे जरा लांबवतो.

वर्गाचे गट करा, प्रत्येक गटाला मूलभूत हक्कांच्या पानांची झेरॉक्स द्या, कलम १२ ते ३५. आणि म्हणा, यात "तलाव" हा शब्द कुठे आहे शोधा. मुलं आधी हसतात, संविधानात तलाव कशाला येईल? मग पानं उलटायचा आवाज सुरू होतो. दहा मिनिटांत कोणीतरी ओरडतं, सापडलं! कलम १५, दुसरा भाग. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, धर्म-वंश-जात-लिंग-जन्मस्थान यावरून कोणाला तिथे मज्जाव करता येणार नाही. आता खरा प्रश्न विचारा: एवढ्या मोठ्या देशाची घटना लिहिताना विहीर आणि तलाव असले शब्द कोणाला आणि का आठवले असतील?

थांबा. उत्तर लगेच देऊ नका, गप्प बसायची सवय नसते आपल्याला पण इथे बसा. मग महाड सांगा. १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, त्यानंतर महाड नगरपालिकेने आपला तलाव खुला असल्याचा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. सभेनंतर लोकांना मारहाण झाली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठराव, तळं, निकाल, चौदा वर्षं. आणि ज्या माणसाने ते पाणी ओंजळीत घेतलं तोच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. फळ्यावर ही सालं एकाखाली एक लिहा आणि सगळ्यात खाली कलम १५(२) लिहा, भाषण करायची गरज पडत नाही.

लगेच शेजारचं कलम १७ वाचून घ्या, अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. इथे एक पथ्य मात्र कडक पाळा, वर्गातल्या कुठल्याही मुलाला "तुझा अनुभव सांग" म्हणायचं नाही, जात विचारायची नाही, सुचवायचीही नाही. मी एकदा चांगल्या हेतूने एका मुलाकडे नुसतं बघितलं होतं आणि त्याने मान खाली घातली, अजून आठवतं. कोणाला बोलायचं असेल तर तो तासानंतर आपणहून येतो.

पाचवा, सहावा तास: तुम्ही न्यायाधीश

हक्कांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा एक खरा खटला पुरतो, आणि तो शाळेतला असेल तर सोन्याहून पिवळं. केरळमधला घ्या. १९८५ मध्ये तीन भावंडांना शाळेतून काढलं, कारण राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, त्यांच्या पंथाच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. इथे गोष्ट तोडा. निकाल सांगू नका. वर्गात मतदान घ्या, काढलं ते बरोबर की चूक? माझ्याकडे दरवर्षी भरघोस मतांनी "बरोबर" निवडून येतं. मग दुसरा नियम सांगा, आता तुम्ही न्यायाधीश आहात, मत द्यायचं तर कलमाचा नंबर सांगूनच द्यायचं, "मला वाटतं" चालणार नाही. झेरॉक्स पुन्हा बाहेर येतात. कोणी टेबलावरच्या प्रतीतून ५१क काढतं, त्यात राष्ट्रगीताचा आदर हे मूलभूत कर्तव्य आहे. कोणी १९ काढतं, अभिव्यक्ती. कोणी २५, धर्माचं स्वातंत्र्य. आता भांडण कागदावर आलं.

पुढच्या तासाला निकाल सांगा. १९८६ मध्ये कोर्टाने मुलांच्या बाजूने निर्णय दिला, १९ आणि २५ या कलमांच्या आधारे, आणि आदराने उभं राहिलं की अनादर होत नाही, गायलाच पाहिजे असा कायदा नाही असं म्हटलं. वर्ग शांत होतो, काही मुलं नाराजही होतात, होऊ द्या. कालच्या मतदानाचे आकडे फळ्यावर तसेच ठेवलेले असतील तर त्यांच्याकडे बोट दाखवा आणि विचारा, वर्गातल्या बहुमताने त्या तिघांचं काय केलं असतं? हक्क बहुमताच्या हातात का सोडलेले नाहीत ते तिथेच कळतं.

वरच्या वर्गांना आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पालघरचं आहे, २०१२ मध्ये फेसबुक पोस्टवरून दोन तरुणींना अटक झाली, त्यातून पेटलेल्या वादात कायद्याची एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द झालं. मोबाइल हातात असलेल्या पोरांना हे फार लवकर समजतं.

मग चिठ्ठ्या

केंद्र, राज्य, स्थानिक संस्था यांच्यातली वाटणी पुस्तकातून शिकवली तर झोप येते, मलाही येते. तीस-चाळीस चिठ्ठ्या करा, भिंतीवर चार कागद लावा: केंद्र, राज्य, दोघांचं मिळून, आणि ग्रामपंचायत-नगरपालिका. रेल्वे, टपाल, सैन्य, नोटा केंद्राकडे. पोलीस, शेती, सरकारी दवाखाने राज्याकडे. शिक्षण, जंगल, लग्न-घटस्फोटाचे कायदे दोघांकडे, म्हणजे समवर्ती सूचीत, आणि शिक्षण तिथे १९७६ नंतर आलं, आधी राज्याकडे होतं. नळाचं पाणी, दिवाबत्ती, कचरा हे ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १९९३ पासून, घटनेतच स्थानिक संस्थांच्या यादीत आलंय. मुद्दाम एक "रस्ता" अशी नुसती चिठ्ठी टाका. भांडणं होतात कारण राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा, काही रस्ते राज्याचे, गल्लीतला ग्रामपंचायतीचा. मग विचारा, तुमच्या शाळेसमोरच्या खड्ड्याचा अर्ज कोणाला द्यायचा? शक्य असेल तर खरंच लिहून घ्या आणि द्या. उत्तर आलं नाही तरी पोच घ्यायला शिकवा, पोच घेणं हा नागरिकशास्त्रातला अर्धा अभ्यासक्रम आहे असं माझं मत आहे. गावात ग्रामसभा असेल तेव्हा दोन-चार मुलांना मागे बसून बघायला न्या, सरपंचाला आधी सांगून.

संसद मी थोडक्यात उरकतो, अभिरूप संसद करायची हौस असेल तर करा पण त्यात मुलं फक्त गोंधळ घालण्याची नक्कल करतात असा माझा अनुभव आहे. त्यापेक्षा १७ एप्रिल १९९९ सांगा. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव, बाजूने २६९, विरोधात २७०. एका मताने सरकार गेलं. सरकार लोकसभेला जबाबदार असतं हे वाक्य या दोन आकड्यांनी कळतं. नंतर गणित घाला, विधानसभेत २८८ आमदार, बहुमताला १४४ का पुरत नाहीत?

घटना बदलता येते, पण

मुलं विचारतातच, एवढ्या दुरुस्त्या झाल्या तर मग सरकार सगळंच बदलू शकतं का? कलम ३६८ वाचा आणि कबड्डीवर या. कबड्डीचे नियम बदलतात, बोनस लाइन आली, वेळ कमी-जास्त झाली, तरी ती कबड्डीच राहते. पण मधली रेघच पुसली तर? एका गटाला आउटच करता येणार नाही असा नियम केला तर? मग ती कबड्डी उरत नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालय हेच म्हणालं, घटनेची मूलभूत चौकट संसदेला मोडता येणार नाही. १३ न्यायाधीश बसले होते, निकाल ७ विरुद्ध ६, म्हणजे तिथेही एकाचंच अंतर. मूलभूत चौकटीची पूर्ण यादी कोर्टाने एकदाच बसून दिलेली नाही, वेगवेगळ्या निकालांतून ती भरत गेली, त्यामुळे मुलांनी यादी मागितली तर त्यांनाच करायला सांगा: तुमच्या मते मधली रेघ कुठली?

वर्गात ठिणगी पडते तेव्हा

आरक्षणाचा प्रश्न येणार. घाबरून "हा विषय नको" म्हणालात तर मुलं तो बाहेरून शिकून येतात आणि कसा ते आपल्याला माहीत आहे. मी कलम १५(४) आणि १६(४) काढायला लावतो, जे बोलायचं ते मजकुरावर बोट ठेवून. धोरणावर मतभेद असू शकतात आणि वर्गात मांडता येतात, पण कलम १७ वर "दोन्ही बाजू" नसतात, तिथे वादविवाद स्पर्धा लावू नका. नववी-दहावीला बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातला मुद्दा सांगा, की राजकारणात आपण समान होणार पण समाजात आणि आर्थिक जीवनात विषमताच राहणार, ही विसंगती लवकर संपवली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. मग आरक्षणाची चर्चा जरा खोलवर जाते.

राजकारण्यांची नावं आली की पद वापरायचं, माणूस नाही. "मुख्यमंत्र्यांना असं करता येतं का" विचारा, अमुक साहेबांना नको. एवढ्याने पालकांचे निम्मे फोन वाचतात. आणि सर तुम्ही कोणाला मत देता असं विचारलं तर सांगा, मतदान गुप्त असतं, पुढचं पान काढा.

पेपर काढताना

"संविधान सभेचे अध्यक्ष कोण" असा एखादा प्रश्न असू दे (राजेंद्र प्रसाद, आणि दरवर्षी अर्धा वर्ग आंबेडकर लिहितो, मसुदा समिती आणि संविधान सभा यातला फरक तासाला दोनदा सांगा). पण एक तरी प्रसंग द्या. उदाहरणार्थ: नगरपालिकेने नियम केला की रात्री आठनंतर मुलींनी बागेत यायचं नाही. हा नियम टिकेल का, कुठल्या कलमाच्या आधारे, आणि दाद कुठे मागाल? पुस्तक उघडं ठेवून लिहू द्या. मार्क कारणाला द्या. मागच्या वर्षी एकाने लिहिलं होतं, "नियम टिकणार नाही, कलम १५, पण आधी नगरपालिकेत अर्ज देऊ आणि पोच घेऊ, मग हायकोर्ट, कलम २२६." पाचपैकी पाच दिले.

२६ नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचं शेवटी सांगतो. २०१५ पासून तो संविधान दिन म्हणून साजरा होतो आणि शाळेत पाहुणे बोलावतात. पाहुण्यांना भाषणासाठी दहा मिनिटंच आहेत हे फोनवरच सांगा, आणि त्यानंतर मुलांना त्यांना तीन प्रश्न विचारू द्या. प्रश्न आधी बघून घ्या, पण बदलू नका.